३.० सुपरचार्ज्ड व्ही६ पेट्रोल (एजे१२६): इंजिन कसं आहे, कुठे सांभाळावं लागतं, गोव्यात काय वेगळं

मांडवीकाठ (पर्वरी)

लँड रोव्हरच्या पेट्रोल रेंज रोव्हर स्पोर्ट आणि पेट्रोल डिस्कव्हरी आता गोव्याच्या सेकंडहँड बाजारात दिसू लागल्या आहेत. मुंबई, पुणे, दिल्लीच्या गाड्या इकडे येतात, डिझेलपेक्षा स्वस्त पडतात, आणि मग घेणारा विचारतो की हे पेट्रोल इंजिन नक्की कसं आहे. मराठीत याबद्दल एका जागी काही सापडत नाही म्हणून हा धागा काढतोय. माझ्याकडे २०१८ ची स्पोर्ट आहे, तीत हेच इंजिन. गाडीवर जीव आहे, म्हणूनच गुळमुळीत लिहिणार नाही.

आधी कागदावरचं. क्षमता २९९५ सीसी, बोअर ८४.५ मिमी, स्ट्रोक ८९ मिमी, कॉम्प्रेशन १०.५ ला १. डायरेक्ट इंजेक्शन, चारही कॅमशाफ्टना व्हेरिएबल टायमिंग, वर ईटन कंपनीचा ट्विन व्होर्टेक्स सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि त्याच्या जोडीला पाण्याने थंड होणारे इंटरकूलर. भारतात आलेल्या गाड्यांत ३४० पीएस आणि ४५० न्यूटन मीटर. परदेशात ३८० पीएसचाही अवतार आहे. गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा. २०१७ च्या शेवटी भारतात आलेल्या नव्या डिस्कव्हरीत हे इंजिन मिळत होतं, पुढच्या वर्षी फेसलिफ्ट स्पोर्टमध्येही.

हे इंजिन ५.० लिटरच्या व्ही८ मधून काढलेलं आहे. व्ही८ चं नाव एजे१३३, ते २००९ मध्ये आलं. त्याचं बरंचसं काम फोर्डच्या मालकीच्या काळात झालं. टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर कंपनी फोर्डकडून घेतली ती २००८ मध्ये. दोन्ही इंजिनं वेल्समधल्या ब्रिजेंड इथल्या फोर्डच्या कारखान्यात बनत, तो कारखाना सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. व्ही८ चा ९० अंशांचा कोन व्ही६ मध्येही तसाच ठेवलाय. एरवी व्ही६ ला ६० अंश सोयीचे असतात. इथे ठोके समान अंतराने पडावेत म्हणून क्रँकपिना ३० अंशांनी सरकवल्या आहेत आणि थरथर मारायला बॅलन्स वजनं दिली आहेत. सिग्नलला उभं असताना इंजिन चालू आहे की बंद हे कळत नाही, त्यामागे एवढं काम आहे.

आता मुद्दा. या इंजिनाचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन मजबूत आहेत. ते मरतं तेव्हा बहुतेकदा गरम होऊन मरतं, आणि गरम होतं ते प्लॅस्टिकच्या कूलंट पाइपांमुळे (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण). व्हीच्या दरीत (सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत), सुपरचार्जरच्या खाली आणि पुढे, कूलंट नेणारे मोठे पाइप प्लॅस्टिकचे आहेत. पुढचा क्रॉसओव्हर पाइप दोन भाग जोडून केलेला असतो आणि बऱ्याचदा सांध्यातच उकलतो. मागचा पाइप थेट सुपरचार्जरखाली दडलेला. सततच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एके दिवशी तडा जातो. हे किलोमीटरवर कमी आणि वयावर जास्त अवलंबून आहे. म्हणून "फक्त ३० हजार चाललेली, डॉक्टरची गाडी" ऐकून हुरळून जाऊ नका. पाइपाचं वय गाडीइतकंच असतं.

चेन, सुपरचार्जर, कार्बन, इथेनॉल यांवर खाली लिहूच. ज्यांनी ही इंजिनं हाताने उघडली आहेत त्यांनी जरूर लिहावं.

बार्देशकर (म्हापसा)

अगदी वेळेवर धागा आला, दादा. मी २०१८ ची पेट्रोल डिस्कव्हरी बघतोय. गाडी मूळची दिल्लीची, एनओसी घेऊन आता गोव्यात आलेली. रंग, इंटिरियर नव्यासारखं. विकणारा म्हणतो कूलंटचा कधीच प्रश्न आला नाही, पाइप ओरिजिनल आहेत, हात लावलेला नाही. मी तर ही जमेची बाजू समजत होतो!

दुसरं, दिल्लीच्या पेट्रोल गाड्या एवढ्या का निघतात? तिथे बंदी डिझेलवर आहे ना?

मांडवीकाठ

बार्देशकर, "हात लावलेला नाही" हे इथे जमेत धरू नका. पाइप बदलल्याचं बिल दाखवणारी गाडी माझ्या दृष्टीने वरचढ.

दिल्लीचं असं: डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का उपकर लावून ती बंदी उठली. पण घेणाऱ्यांच्या मनात धास्ती राहिली, कारण तिथे तेव्हा डिझेल गाडीला दहा वर्षांची मुदत होती, पेट्रोलला पंधरा. म्हणून महागड्या एसयूव्हीत पेट्रोल घेणारे तिकडे वाढले. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाताहेत. गाडीत खोट आहे म्हणूनच विकली असेल असं नाही. पण तिने दिल्लीतले उन्हाळे पाहिलेत आणि तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये उभं राहून इंजिन चालवलंय, हे लक्षात ठेवा. ओडोमीटरवर त्यातलं काही उमटत नाही.

फोंड्याचा मिस्त्री

मी स्वतंत्र गॅरेज चालवतो, युरोपियन गाड्याच जास्त. मांडवीकाठ बाबांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात कामाच्या बाजूचं घालतो.

पुढचा पाइप फुटला तर कळतं. पुलीच्या बाजूला ओघळ दिसतो, खाली थेंब पडतात. मागचा फुटला की फसवणूक होते. कूलंट दरीत साठतं, तापलेल्या ब्लॉकवर वाफ होऊन उडून जातं. जमीन कोरडी. मालक सांगतो, "कुठे लीक नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी थोडं टाकावं लागतं." हे वाक्य ऐकलं की मी गाडी ठेवून घेतो. कूलंट हवेत संपत नाही. बाहेर दिसत नसेल तर ते एकतर दरीत जातंय नाहीतर सिलिंडरमध्ये.

तपासायची रीत: इंजिन पूर्ण थंड हवं. कूलंटच्या टाकीच्या तोंडाला प्रेशर पंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. मग छोटा कॅमेरा सुपरचार्जरच्या मागून आत सोडायचा. केशरी कूलंट वाळलं की पांढुरकी-गुलाबी खपली धरते, ती कॅमेऱ्यात दिसते. गोड वासही येतो.

मागचा पाइप बदलायला सुपरचार्जर उतरवावा लागतो. पार्टची किंमत एकीकडे आणि मजुरी दुसरीकडे. म्हणून एकदा उतरवला की पुढचा पाइप, मागचा पाइप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, दरीतले छोटे होज, सुपरचार्जरखालची गॅस्केटं, सगळं एका दमात. अर्धं करून गाडी बंद करणं म्हणजे मालकाचेच पैसे दोनदा घालवणं. मी तसं काम घेत नाही.

अल्युमिनियमचे पाइप बाजारात आले आहेत. चांगल्या बनावटीचे असतील तर मी तेच सुचवतो. स्वस्तातल्यांची ओ-रिंगची खाच बरोबर कापलेली नसते, तिथे पुन्हा गळतं.

साळावली

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वेर्ण्याला नोकरी. गाडी माझी नाही, भावाची आहे, पण तिची काळजी माझ्याकडे असते.

मिस्त्रीकाकांनी जे लिहिलं त्यात एक भर घालते, कारण यानेच लोकांची इंजिनं जातात. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. आजच्या गाड्यांत काटा खरं तापमान जसंच्या तसं दाखवत नाही. मोठ्या टप्प्यात तो मधोमध स्थिर ठेवलेला असतो, मालक उगाच घाबरू नये म्हणून. काटा मधून हलेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि कूलंट एकदम निघून गेलं तर सेन्सरभोवती पाणीच उरत नाही. तो हवेचं किंवा वाफेचं तापमान सांगतो, धातूचं नाही. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) तापत असतं आणि काटा गप्प.

उपाय स्वस्त आहे. ओबीडीचा (गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला लागणारा) छोटा ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर ॲप. कूलंटचं खरं तापमान आकड्यात दिसतं. भावाच्या गाडीत सपाट रस्त्यावर ते नव्वदीत असतं, घाटात किंवा पणजीच्या गर्दीत शंभरच्या थोडं वर जाऊन पंख्याने खाली येतं. आपल्या गाडीची नेहमीची चाल एकदा डोळ्यांत बसली की बदल लगेच कळतो. अल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की फेसिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह, सगळं ओघाने येतं. त्यापुढे डोंगलची किंमत काहीच नाही.

"कूलंट लो" चा संदेश आला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊया असा विचार करू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, रिकव्हरी व्हॅन बोलवा. गरम टाकीचं झाकण उघडू नका, भाजेल.

चोर्लाघाट (साखळी)

मला यात वेगळं वाटतं. एवढी काळजी घेऊन पेट्रोल चालवायचं कशाला? ३.० डिझेल घ्यावं, टॉर्क भरपूर, ॲव्हरेज दुप्पट. मी दर आठवड्याला बेळगावला जातो, चोर्ला घाट डिझेल हसत चढतं.

मांडवीकाठ

तुमच्या वापराला डिझेलच योग्य, यात वाद नाही. पण डिझेल निर्धोक आहे असा समज करून घेऊ नका. त्याच पिढीच्या ३.० व्ही६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. बेअरिंग फिरतं, क्रँक तुटतो, आणि मग दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. पेट्रोलचा कमकुवत भाग वेळेत बदलता येतो. डिझेलच्या क्रँकचं तसं नाही, तो सांगून तुटत नाही. आणि ज्याचा रोजचा फेरा पर्वरी ते पणजी एवढाच, त्याच्या डिझेलच्या धुराच्या फिल्टरातली काजळी नीट जळतच नाही. माझी गाडी शहरातच जास्त फिरते म्हणून मी पेट्रोल निवडलं.

चोर्लाघाट

क्रँकचं ऐकलं होतं, पण एवढं असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या डिझेलचं ऑईल मी दहा हजारांत बदलतो, आता त्यात ढिलाई करणार नाही. पेट्रोलला ऑईल कितीला बदलायचं?

फोंड्याचा मिस्त्री

कंपनीचं ब्रिटनमधलं वेळापत्रक १६,००० मैलांचं किंवा एका वर्षाचं, म्हणजे साधारण २६,००० किलोमीटर. आपल्याकडे एवढं थांबू नये. मी आठ ते दहा हजार किंवा एक वर्ष सांगतो, आधी येईल ते. ऑईल सव्वासात लिटर लागतं. ग्रेड पुस्तकात दिलंय तेच, मूळ शिफारस ५डब्ल्यू-२० ची. आपल्या उष्णतेत २० पातळ पडेल म्हणून ४० घालणारे आहेत, मला ते पटत नाही. चारही कॅमचं टायमिंग ऑईलच्याच भरवशावर चालतं आणि त्याची भोकं पातळ ऑईलच्या हिशेबाने काढलेली आहेत.

या गाड्यांना ऑईलची डिपस्टिक नाही. पातळी स्क्रीनवरच बघायची, गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी. पुष्कळ मालकांनी ही स्क्रीन कधी उघडलेलीच नसते. महिन्यातून एकदा बघा.

बार्देशकर

टायमिंग चेनबद्दल (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) सांगा ना. यूट्यूबवर बघून घाबरलोय. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर खडखड आली की इंजिन गेलं म्हणतात.

फोंड्याचा मिस्त्री

घाबरून जाण्यासारखं नाही, पण आवाज ओळखता आला पाहिजे.

चेनची बदनामी आली ती आधीच्या ५.० व्ही८ वरून, साधारण २००९ ते २०१२ च्या. त्यात चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा गाइडच्या (चेन टेकून धावते त्या पट्टीच्या) मऊ अल्युमिनियमवर घासून खड्डा पाडायचा. खड्डा पडला की चेन ढिली. पुढे त्या जागी कठीण पोलादाचं बटण आलं. व्ही६ नंतरचा, त्यामुळे भारतातल्या २०१७-१८ च्या गाड्यांना सुधारलेले पार्ट मिळाले. तरी ऑईल उशिरा बदललेल्या गाडीत टेन्शनर सैल पडू शकतो.

चेनचा आवाज थंड इंजिनाला येतो. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर पहिले काही सेकंद, ऑईलचा दाब भरेपर्यंत, पुढच्या बाजूने. दुसरा आवाज सुपरचार्जरच्या नाकातल्या कपलरचा (पुलीची गती आत नेणारा जोड). तो गरम इंजिनाला, आयडलवर येतो, जुन्या डिझेलसारखी टकटक, आणि जरा रेस दिली की गायब. कपलरचं काम चेनच्या मानाने अगदी छोटं. आतली स्प्रिंग झिजते, नवा कपलर घालायचा, नाकातलं ऑईल बदलायचं. हे दोन आवाज न ओळखता चेनचं कोटेशन देणारे आहेत. म्हणून स्टेथोस्कोप लावल्याशिवाय हो म्हणू नका.

स्कॅनरवर पी००१६, पी००१७ या घरातले कोड आले, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, आणि सोबत थंड इंजिनाची खडखड असेल, तर मात्र पुढचं कव्हर उघडायचं.

सत्तरीचा डॉक्टर

वाळपईला राहतो, वय झालंय, गाडी कमी चालते. वर "डॉक्टरची गाडी" असा उल्लेख आला, तसाच मी एक! माझ्याकडे पूर्वी एक युरोपियन पेट्रोल एसयूव्ही होती. तिचं हेड गॅस्केट गेलं होतं तेही केवळ प्लॅस्टिकचा एक सांधा फुटून, तेव्हा या धाग्यातला शब्द न् शब्द मला पटतो. आताची पेट्रोल डिस्कव्हरी आहे. मला दोन प्रश्न आहेत. एक, कमी चालवण्याने तोटा होतो का? दोन, आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते चालेल का?

साळावली

डॉक्टरकाका, पहिल्याचं उत्तर हो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून ते कधी वाहत नाही आणि तिथला काजळीचा थर धुतला जात नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, थर लवकर वाढतो, शिवाय थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा तरी गाडी पूर्ण गरम करून अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याला चालवा. वाळपईहून फोंड्यापर्यंत जाऊन या, तेवढं पुरे. आयडल थरथरू लागलं, मिसफायर आले, तर व्हॉल्व्ह साफ करावे लागतात, आणि त्यालाही सुपरचार्जर उतरवावाच लागतो. म्हणजे पाइपांचं काम आणि हे काम एकत्र करणं शहाणपणाचं.

इथेनॉलबद्दल. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे, त्यावर काय मान्य आहे ते लिहिलेलं असतं. त्या काळातल्या युरोपियन गाड्या दहा टक्के धरून बनलेल्या. वीस टक्क्यांनी इंजिन उद्या बंद पडत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा चढा असतो, त्यामुळे नॉकिंगच्या बाजूने उलट बरं. पण त्यात ऊर्जा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. खरी काळजी रबराची आणि पाण्याची. इथेनॉल ओलावा ओढून घेतो. आपल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दोन महिने उभी राहिली तर त्यात ओलावा जमायला वेळ मिळतो. कमी चालणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा, आणि पेट्रोल जुनं होऊ देऊ नका. ऑक्टेन ९५ च्या खालचं भरू नका, या इंजिनाची मागणीच तेवढी आहे.

मांडवीकाठ

गोव्याचं म्हणून जे वेगळं आहे त्यावर थोडं लांब लिहितो, कारण परदेशी माहितीत ते कुठेच येत नाही.

पहिलं म्हणजे लाल माती. साखळी, डिचोली, कुडचडे भागात राहणाऱ्यांनी गाडीचं नाक उघडून बघावं. समोर एकामागे एक थर आहेत: एसीचा कंडेन्सर, इंटरकूलरचं पाणी थंड करणारा रेडिएटर, मग मुख्य रेडिएटर. धूळ पुढच्या थराला अडत नाही, दोन थरांच्या मधे जाऊन बसते, आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. त्यामुळे इंटरकूलरचं पाणी गरम राहतं, हवा गरम जाते, संगणक ताकद कापतो, आणि मालक म्हणतो "गाडी पूर्वीसारखी ओढत नाही." सुपरचार्जर खराब नसतो. पावसाळा संपला की चतुर्थीनंतर एकदा पुढचा भाग उघडून, आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवून घ्यावं. जोराचा फवारा नको, जाळीच्या पात्या आडव्या होतात.

दुसरं, खारा वारा. कळंगुट, मोरजी, कोलवा पट्ट्यात गाडी उघड्यावर उभी राहते त्यांच्या कंडेन्सरच्या पात्या पिठासारख्या सुटू लागतात. वायरिंगच्या अर्थच्या जोडांवर हिरवट थर धरतो आणि स्कॅनरवर भलतेच कोड येतात. सेन्सर बदलण्याआधी अर्थचे बोल्ट साफ करून बघा.

तिसरं, विहिरीचं पाणी. आपल्याकडे विहिरीचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यात लोह आणि क्षार असतात. वाटेत अडचण आली म्हणून कुणी लिटरभर ओतलं तर लगेच सगळं कूलंट काढून नवं भरा. मूळचं केशरी, ऑरगॅनिक ॲसिड प्रकारचं आहे. हिरवं त्यात मिसळू नका. मिसळायला डिस्टिल्ड पाणी, अर्धं-अर्धं.

आणि उंदीर. जूनपासून ते गरम इंजिनावर येऊन बसतात. दरीतल्या वायरी आणि होज कुरतडलेले मी स्वतः पाहिलेत. बॉनेट आठवड्यातून एकदा तरी उघडा.

फोंड्याचा मिस्त्री

कूलंट भरण्याबद्दल महत्त्वाचं राहिलं. या इंजिनात नुसतं टाकीतून ओतून काम होत नाही. हवा आत अडकते, विशेषतः मागच्या बाजूला आणि हीटरच्या वाटेत. व्हॅक्यूम लावून भरावं. नसेल तर वरचे ब्लीड स्क्रू उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वेळ देऊन हवा काढावी. ते ब्लीड स्क्रूही प्लॅस्टिकचे, जोर लावला की मोडतात. पाइप नवे, पंप नवा, आणि हवा अडकल्याने हेड तापलं, अशी गाडी दुसरीकडून माझ्याकडे आलेली आहे. काम कुणाकडूनही करून घ्या, पण "व्हॅक्यूमने भरता का?" हे आधी विचारा.

बार्देशकर

सगळं वाचून एक विचारतो. पाइप बदलायला किती वर्षं थांबता येईल? २०१८ ची गाडी म्हणजे वय झालंच ना?

मांडवीकाठ

झालं. याला पक्का आकडा नाही, पण मी स्वतः सहा-सात वर्षांच्या पुढे मूळ प्लॅस्टिक ठेवणार नाही. माझ्या गाडीचं काम मी गळती नसतानाच करून घेतलं. काढलेला पुढचा पाइप हातात घेऊन दाबला तर सांध्याजवळ कडा बिस्किटासारखी तुटली. बाहेरून त्यावर एक ओरखडाही नव्हता. त्यानंतर घाटात मन निवांत असतं.

तुम्हाला सल्ला असा: गाडी आवडली असेल तर घ्या, पण पाइप-पंपाच्या कामाचा पूर्ण खर्च आजच्या किमतीतून वजा करून बोला. विकणारा "हात लावलेला नाही" म्हणतो तर तेच तुमचं कारण. तो ऐकत नसेल तर दुसरी बघा, या गाड्या अजून येत राहणार आहेत. आणि टाटांच्या मालकीची कंपनी आहे म्हणून पार्ट टाटाच्या दरात मिळतील या समजात राहू नका. पुष्कळसे पार्ट बाहेरून मागवावे लागतात, वाट बघावी लागते. म्हणून गाडी आत घालण्याआधी पार्ट हातात असू द्या.

सत्तरीचा डॉक्टर

उत्तम मार्गदर्शन झालं, सर्वांचे आभार. मिस्त्री, माझ्या गाडीची प्रेशर टेस्ट करून घ्यायची आहे. फोंड्याला आणली तर चालेल ना?

बार्देशकर

माझीही. विकणाऱ्याशी बोललो, तो तपासणीला तयार आहे. म्हणाला, गाडी घेऊन जा, पण मी सोबत येणार. मला तेही बरंच वाटलं, समोरासमोर कळेल. मिस्त्रीकाका, टेस्टबरोबर आणखी काय काय बघाल?

फोंड्याचा मिस्त्री

डॉक्टर, आणा की. वाळपईहून येताना इंजिन गरम होणार, तेव्हा आदल्या संध्याकाळी गाडी आणून गॅरेजात ठेवा. घरी सोडायची सोय मी करतो.

बार्देशकर, तुमचंही तसंच. सकाळी पहिलं स्टार्ट मीच करणार, तोवर कुणी चावी फिरवायची नाही. चेन असेल तर तेव्हाच बोलेल. आधी इंजिन थंड असतानाच प्रेशर आणि दरीत कॅमेरा. मग चालू करून गरम होईपर्यंत आयडलवर कपलर ऐकतो. स्कॅनरवर जुने पुसलेले कोड आणि मिसफायरचे आकडे बघतो. कूलंटच्या टाकीच्या झाकणाखाली तेलकट साय आहे का, ऑईलला पेट्रोलचा वास येतो का, कूलंटमध्ये सिलिंडरमधल्या जळलेल्या गॅसचा अंश आहे का त्याची रंगाची टेस्ट. शेवटी फर्मागुडीच्या चढावर एक फेरी, डोंगल लावून. येताना सर्व्हिसची असतील तेवढी बिलं आणा, ऑईल कधी कधी बदललं ते मला तारखेनिशी बघायचंय.